समोरच्या रो-हाऊसचा हॅलोजन रात्रभर बेडरूममध्ये येतो, काय करता येईल?

पाथर्डी_फाटा_रोहाऊस विचारतात:

गल्ली रो-हाऊसची, मधला रस्ता सहा मीटरचा. समोरच्यांनी पहिल्या मजल्याच्या छज्जाजवळ भिंतीवर १०० वॅटचा एलईडी हॅलोजन, म्हणजे फ्लडलाइट, लावलाय. जमिनीपासून साधारण साडेचार मीटर उंच, रंग ६५०० केल्विनचा पांढरा, काच जवळजवळ सरळ रस्त्याकडे तोंड करून. आमच्या बेडरूमची खिडकी त्याच पातळीला, अंतर नऊ मीटर. संध्याकाळी सहाला लागतो, पहाटे पाचला बंद होतो. पडदा लावला तरी भिंतीवर ग्रीलची सावली पडते, एवढा उजेड.

काका भांडकुदळ नाहीत. विषय काढल्यावर त्यांनी दिवा "थोडा खाली" केला, पण फरक काहीच जाणवला नाही. त्यांचं म्हणणं, गाडीतलं पेट्रोल चोरीला जातं आणि कॅमेऱ्याला उजेड लागतो. ते चूक आहेत असंही नाही.

नेमकं काय बदलायला सांगू म्हणजे त्यांच्या पार्किंगमध्ये उजेड राहील आणि आमच्याकडे येणार नाही? आपल्या बाजूने काय करता येतं? उन्हाळ्यात खिडकी उघडी लागते. आणि नाहीच ऐकलं तर कायदा काय म्हणतो?

वायरमन_सातपूर:

"थोडा खाली" करून फरक का पडत नाही ते आधी बघा, म्हणजे काकांनाही पटवता येईल.

१०० वॅटचा बरा एलईडी साधारण ९००० ल्युमेन (सगळ्या दिशांचा मिळून उजेड) देतो. साध्या हॅलोजनचा उजेड १२० अंशांत पसरतो, त्यात आरसा किंवा भिंग असं काही नसतं. सरळ समोर त्याची तीव्रता २८०० ते २९०० कॅन्डेला भरते. नऊ मीटरवर ती नऊच्या वर्गाने, म्हणजे ८१ ने भागा. तुमच्या खिडकीवर ३५ लक्स (जागेवर प्रत्यक्ष पडणाऱ्या उजेडाचं माप) पडतोय. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो.

आता दिवा ३० अंश खाली वाकवला तर? कोनाच्या कोसाइनने कमी होणार, म्हणजे ३५ चे ३०. डोळ्याला हा फरक कळतच नाही. दिवा बदलून ५० वॅटचा लावला तरी १७ लक्स उरतात, म्हणजे तेही दुखणं कायम. पण काच पूर्ण जमिनीकडे तोंड करून आडवी केली, तर दिव्याच्या पातळीवरच्या खिडकीला थेट उजेड शून्य. वॅटवर वाद घालू नका. सगळा खेळ कोनाचा आहे.

मग पार्किंगचं काय? साडेचार मीटरवर २० वॅटचा, १८०० ल्युमेनचा दिवा आडवा लावला तर बरोबर खाली २८ लक्स आणि भिंतीपासून तीन मीटरवरच्या गेटपाशी १३ लक्स मिळतात. गाडीचं लॉक, पेट्रोलची टाकी, माणसाचा चेहरा, सगळं दिसतं. आज काकांच्या दिव्याचा निम्मा उजेड छज्जाच्या पातळीच्या वर आभाळात आणि उरलेल्यातला बराचसा तुमच्या भिंतीवर जातोय.

बिलाचं गणित त्यांना जरूर सांगा. १०० वॅट, रोज ११ तास, महिन्याला ३३ युनिट. २० वॅटला साडेसहा. सुरक्षिततेपेक्षा हे लवकर पटतं, असा आपला अंदाज.

प्रत्यक्ष काम असं. मेन बोर्डवरून त्या लाईनचा एमसीबी पाडायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. बऱ्याच जुन्या रो-हाऊसमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं आणि दिवा बंद असताना फेज जिवंत असते. टेस्टर लावून खात्री करा. हॅलोजनच्या यू-पट्टीला दोन्ही बाजूंना बोल्ट असतात, १०० वॅटला बहुतेक एम८, त्याला १३ चा पाना. नाशिकचा पाऊस खाल्लेले बोल्ट गंजलेले असणार. आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा, नाहीतर ॲल्युमिनियमचा कानच तुटतो.

इथेच एक अडचण येते. यू-पट्टी भिंतीवर बसवलेली असेल तर दिवा पूर्ण आडवा करताना त्याची मागची कड भिंतीला अडते. मग दोन रस्ते. छज्जाच्या खालच्या अंगाला छिद्र पाडून पट्टी तिथे बसवायची, हे उत्तम, कारण पाऊसही लागत नाही. किंवा फॅब्रिकेटरकडून १५ सेंटीमीटर बाहेर येणारा एल-अँगल करून घ्यायचा.

वायर दिव्यात शिरते तिथे ग्लँड (वायरभोवतीचं पाणीबंद बूच) खालच्या अंगाला येईल असं बघा आणि वायरला शिरण्याआधी खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून जातं. झोल नसेल तर जुलैत ड्रायव्हरमध्ये (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये) पाणी आणि दिवा उघडझाप. हिरवी वायर बॉडीला जोडलेली आहे ना, तेही तेव्हाच बघा. ॲल्युमिनियमची बॉडी, पावसाळा आणि लोखंडी शिडी, यात अर्थिंग नसेल तर कुणी वर चढू नये.

रंग ६५०० वरून ३००० केल्विनचा पिवळसर घ्या. खिडकीत टोचत नाही आणि पहिल्या पावसानंतरचे पंखवाले किडेही कमी येतात.

शरणपूर_सेकंडहँड:

एवढं कशाला? सेन्सरचा दिवा लावा म्हणावं. माणूस आला की लागेल, गेला की बंद.

वायरमन_सातपूर:

सहा मीटरच्या गल्लीत हीच सूचना उलटते. रस्त्याकडे तोंड असलेला सेन्सर प्रत्येक मोटारसायकलला, कुत्र्याला लागतो. रात्रभर लाग-विझ, लाग-विझ. झोपेला स्थिर उजेडापेक्षा हे वाईट. आधी कोन, मग सेन्सर.

सेन्सर लावायचाच असेल तर पीआयआर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) घ्या, मायक्रोवेव्ह (लहरी सोडून हालचाल ओळखणारा) नको. मायक्रोवेव्हला काच आणि पातळ प्लायपलीकडची हालचालही कळते, गेटबाहेरून कुणी गेलं तरी पेटतो. पीआयआर दिव्याला जोडलेला नको, वेगळा, दोन ते अडीच मीटर उंचीवर, पार्किंगला आडवा बघणारा. त्याच्या पुढून आडवं जाणारं माणूस त्याला पटकन कळतं, सरळ त्याच्याकडे चालत येणारं उशिरा कळतं. भिंगाचा रस्त्याकडचा भाग आतून काळ्या टेपने झाका. पश्चिमेकडे तोंड असेल तर मावळतीचं ऊन आणि हलती पानं दोन्ही फसवतात. खोक्यावर "१२०० वॅट" लिहिलेलं असतं ते जुन्या बल्बसाठी. एलईडीसाठीचा आकडा त्याच्या शेजारी बारीक छापलेला असतो आणि तो बराच कमी असतो. तो ओलांडला की रिले (सेन्सरमधला स्विच) चिकटतो आणि दिवा कायमचा चालू राहतो.

तीन वायरवाला घ्या: फेज, न्यूट्रल, दिव्याकडे जाणारी. दोन वायरवाल्यावर एलईडी बंद असतानाही मिणमिणतो.

सगळ्यात साधं म्हणजे डिजिटल टायमर. सहा ते साडेदहा चालू, मग बंद, हवं तर पहाटे साडेचारला पुन्हा. बॅटरीवाला घ्या, नाहीतर लाईट गेली की घड्याळ शून्यावर जातं आणि दुपारी बाराला हॅलोजन पेटतो.

कॅमेरा_आणि_केबल:

काकांचा कॅमेऱ्याचा मुद्दा सोडवल्याशिवाय ते हलणार नाहीत, म्हणून सांगतो. घरगुती कॅमेऱ्यात इन्फ्रारेड एलईडी असतात, ते २० ते ३० मीटरपर्यंत पूर्ण अंधारात काळं-पांढरं चित्र देतात. हॅलोजन कॅमेऱ्याच्या चौकटीत किंवा काठावर असेल तर उलट नुकसान होतं. कॅमेरा त्या झगझगाटाप्रमाणे एक्स्पोजर खाली घेतो आणि गेटपाशी उभा माणूस काळी आकृती होऊन जातो. काकांना त्यांच्याच मोबाईलवर रात्री अकराचं रेकॉर्डिंग उघडायला सांगा. एकदा हॅलोजन चालू असताना गेटवर उभं राहून, एकदा बंद करून. चेहरा कशात ओळखू येतो ते त्यांनाच बघू द्या.

रात्री रंगीत चित्र देणारा कॅमेरा असेल तर त्याला पांढरा उजेड लागतो हे खरं, पण त्याला खाली पडणारे १०-१५ लक्स पोटभर झाले. दिवा कॅमेऱ्याच्या मागे किंवा वर, पुढे कधीच नाही. आणि कॅमेऱ्याचं काचेचं तोंड फडक्याने पुसा. जाळं आणि धूळ असली की इन्फ्रारेड उजेड परत लेन्समध्ये येतो आणि चित्र दुधाळ होतं, मग लोक म्हणतात "उजेड कमी पडतो" आणि अजून एक हॅलोजन लावतात.

पडदा_पेल्मेट:

तुमच्या बाजूचं. तुम्ही म्हणता पडद्यातूनही सावली दिसते, म्हणजे कापड ब्लॅकआऊट नाही. दुकानात कापड मोबाईलच्या टॉर्चवर धरा, टॉर्चचा ठिपका दिसला तर घेऊ नका. पण चांगलं कापड घेऊनही लोक फसतात, कारण उजेड कडांमधून शिरतो. रॉड खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना १५ सेंटीमीटर जास्त, वर १०-१५ सेंटीमीटर, आणि रॉडची टोकं भिंतीकडे वळलेली घ्या, म्हणजे पडदा बाजूने भिंतीला टेकतो. वरच्या फटीसाठी प्लायचं पेल्मेट, म्हणजे रॉड झाकणारी पेटी. आयलेटच्या कड्यांतून उजेड गळतो, त्यापेक्षा चुण्यांचा पडदा बरा. रोलर ब्लाइंड घेतलं तर बाजूला पट्टीची खाच हवीच, नुसत्या ब्लाइंडच्या दोन्ही कडांना उजेडाच्या रेघा राहतात.

काचेला काळी फिल्म लावू नका. दिवसाचा उजेड जातो, आणि खिडकी सरकवून उघडली की फिल्मचा उपयोग संपला.

उन्हाळ्यात हवा हवीय म्हणता, तिथे पडदा हरतोच. ब्लॅकआऊट कापडातून वारा येत नाही.

दिंडोरी_बागायत:

त्यासाठी शेडनेट. शेतीच्या दुकानात ५०, ७५, ९० टक्क्यांची मिळते. हिरवी किंवा काळी ९० टक्के घ्या, ग्रीलच्या बाहेरच्या अंगाला. ३५ लक्सचे साडेतीन राहतील आणि वाराही चालू. पांढरी नको, ती स्वतःच उजळते.

लावताना कड दोनदा दुमडून, दर २० सेंटीमीटरला केबल टाय. केबल टाय काळे घ्या, पांढरे उन्हात एका उन्हाळ्यात चुरा होतात. ताणून बसवा, सैल राहिली तर मे महिन्याच्या वावटळीत रात्रभर फडफडते, आणि मग उजेडाच्या जागी आवाज.

पडदा_पेल्मेट:

नेट ठीक, पण लक्स कमी झाला म्हणजे टोचणं थांबलं असं नाही. जाळीच्या भोकांतून दिव्याचा ठिपका तसाच दिसतो आणि उशीवरून नजर तिथेच जाते. नेटऐवजी ग्रीलला बाहेरून खाली झुकणाऱ्या पट्ट्या बसवल्या, जुन्या घरांच्या लाकडी झडपांसारख्या, तर वारा येतो आणि ठिपकाही जातो. ॲल्युमिनियमच्या १०० मिलिमीटरच्या पट्ट्या, ४५ अंशात, दोन पट्ट्यांमधलं अंतर ७० मिलिमीटरपेक्षा कमी. त्याहून जास्त अंतर ठेवलं की समपातळीवरचा दिवा मधून दिसतो. खर्च नेटच्या कितीतरी पट, हे मान्य. भाड्याच्या घरात नेटच.

वकिली_कट्टा:

कायद्याचं थोडक्यात, कारण हे प्रकरण तिथे नेऊ नये असंच माझं मत आहे.

ध्वनिप्रदूषणासाठी २००० चे नियम आहेत, रात्री दहा ते सहाची वेळ ठरलेली आहे. प्रकाशासाठी तसा वेगळा नियम नाही. त्यामुळे पोलीस ठाण्यात "दहानंतर दिवा बंद करायला लावा" असं म्हटलं तर त्यांच्या हातात थेट कलम नसतं. फार तर अदखलपात्र नोंद घेतील आणि दोघांना समजावतील. महापालिकेचा विद्युत विभाग रस्त्यावरच्या खांबांचं बघतो, खासगी भिंतीवरच्या दिव्याचं नाही. दिवा पालिकेच्या खांबावरचा असता तर खांब क्रमांक टाकून विभागीय कार्यालयात तक्रार आणि दिव्याला घराच्या बाजूने आडोसा मागता आला असता.

उरतो दिवाणी मार्ग. एका घराला त्रास म्हणजे खासगी उपद्रव. दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो, स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३ चं कलम ३८, आणि दिवा वळवायचा किंवा काढायचा आदेश हवा असेल तर ३९. तातडीच्या मनाईसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९, नियम १ व २. न्यायालय बघतं ते एवढं: सामान्य माणसाला हा त्रास खरंच त्रास वाटेल का, किती वेळ आणि कोणत्या वेळी, आणि समोरच्याला तो सहज टाळता आला असता का. "कोन बदलला असता तर पार्किंगचा उजेड तसाच राहिला असता" हे वर वायरमननी आकड्यांत मांडलंय, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच.

गल्लीतल्या अनेक घरांना त्रास असेल तर सार्वजनिक उपद्रव. भारतीय न्याय संहितेचं कलम २७०, शिक्षा २९२ खाली, दंड एक हजारापर्यंत. उपद्रव हटवण्यासाठी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करता येतो. एकाच खिडकीसाठी हा मार्ग ओढूनताणून होतो.

त्याआधीची पायरी लोक विसरतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व मध्यस्थीचा अर्ज करता येतो. समोरच्याला पत्र जातं, दोघं मध्यस्थासमोर बसतात, ठरलं ते लिहून होतं. शेजाऱ्याच्या दारात नोटीस पाठवण्यापेक्षा हे सौम्य.

सोसायटी असेल तर कमिटीला लेखी द्या, पण आधी बघा तुमची नोंद सहकारी सोसायटी म्हणून आहे की १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली. दुसऱ्या प्रकारात सोसायटीचे उपविधी लागू होत नाहीत, डिक्लेरेशनमध्ये काय लिहिलंय ते बघावं लागतं.

आणि एक. वायर कापणं, दिव्यावर दगड, आरसा लावून उजेड त्यांच्याच घरात परत मारणं, असले सल्ले कुणी दिले तर ऐकू नका. पहिल्या दोन्हींत न्याय संहितेचं कलम ३२४ (मालमत्तेचं नुकसान) तुमच्यावरच लागतं आणि आरशाने तुमचा पुढचा दावा मरतो.

पाथर्डी_फाटा_रोहाऊस:

खूप उपयोगी. दोन शंका. काकांना गेटबाहेरची त्यांची चारचाकीही उजेडात हवी आहे, म्हणजे दिवा पूर्ण आडवा चालणार नाही, थोडा पुढे झुकलेला लागेल. मग? आणि पुरावा म्हणून मोबाईलचं लक्स ॲप चालेल का?

वकिली_कट्टा:

ॲप नको. दोन मोबाईल दोन आकडे देतात. साधा हातातला लक्समीटर भाड्याने किंवा ओळखीच्या वायरमनकडून घ्या. सेन्सर खिडकीच्या काचेबाहेर, उभा, रस्त्याकडे तोंड. घरातले सगळे दिवे बंद. एकदा समोरचा दिवा चालू असताना, एकदा बंद असताना, वजाबाकी केली की त्यांचा वाटा निघतो. पौर्णिमेच्या आसपास करू नका, उगाच वाद. फोटो काढताना मोबाईलचा ऑटो मोड फसवतो, अंधारही उजळून दाखवतो. प्रो मोडमध्ये आयएसओ ८०० आणि १/१५ सेकंद पक्कं करून दोन्ही फोटो त्याच सेटिंगवर घ्या. न्यायालयात द्यायचे झाले तर साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं, म्हणून मूळ फाईल त्या मोबाईलमधून पुसू नका.

तुलनेला आकडा हवा असेल तर सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या १५०:२०१७ मार्गदर्शिकेत मध्यम उजेडाच्या शहरी वस्तीसाठी घराच्या खिडकीवर संध्याकाळी १० आणि रात्री उशिरा २ लक्स धरले आहेत. आपल्याकडे ते बंधनकारक नाही, पण मध्यस्थासमोर ३५ आणि २ शेजारी शेजारी ठेवले की बोलणं लांबत नाही.

वायरमन_सातपूर:

झुकलेल्या दिव्याला आडोशाचा पत्रा लावायचा. मोजमाप असं. दिवा जमिनीकडून ३० अंश पुढे उचललेला धरला, तर रस्त्याकडची कड वर येते. पत्रा त्या कडेला, काचेशी काटकोनात. काचेची त्या दिशेची लांबी २० सेंटीमीटर असेल तर दिव्याच्या पातळीवरच्या खिडकीसाठी पत्रा किमान १२ सेंटीमीटर बाहेर हवा. खिडकीचा खालचा भाग दिव्यापेक्षा दहा अंश खाली येत असेल तर १७. दिवा ४५ अंश उचलला तर समपातळीलाच २० लागतात, आणि तेवढा पत्रा वाऱ्यात थरथरतो. म्हणून ३० च्या वर जाऊ नका. ३० अंशांत साडेचार मीटर उंचीवरून दिव्याचा रोख भिंतीपासून अडीच मीटरवर पडतो, गाडीपर्यंतचं त्याच्या पसाऱ्यात येतं. दोन्ही बाजूंनाही तेवढेच कान ठेवा, शेजारच्या घरांसाठी.

एक मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा किंवा २२ गेजचा जीआय. आतून मॅट काळा रंग. चकचकीत ठेवला तर पत्राच आरसा होऊन उजेड दुसरीकडे फेकतो. बसवताना दिव्याच्या बॉडीला भोक पाडायचं नाही, रिव्हेटही मारायचे नाहीत. धूळ-पाणी आत न येऊ देणारं आयपी ६५ चं सील तिथेच संपतं. यू-पट्टीच्या त्याच बाजूच्या बोल्टमध्ये पत्र्याचे कान अडकवा. मागच्या पंख्यांवर, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या उभ्या पात्यांवर, पत्रा येऊ देऊ नका, दोन-अडीच सेंटीमीटर मोकळं ठेवा, नाहीतर एलईडी तापून लवकर मंदावतो.

बोलताना "दिवा काढा" म्हणू नका. "काका, वायरमन मी आणतो, पत्र्याचे पैसे माझे, तुम्ही फक्त रात्री साडेदहाला वर येऊन आमच्या खिडकीतून एकदा बघा." वर आल्यावर खोलीतला दिवा लावू नका.

काम झाल्यावर तपासणी पलंगावर आडवं होऊन करायची, उभं राहून नाही. उशीवरून काचेच्या आतले पिवळे चौकोन, म्हणजे एलईडीच्या चिप, दिसत असतील तर पत्रा एक-दोन सेंटीमीटर वाढवा. चौकोन दिसत नाहीत पण समोरची भिंत उजळलेली दिसते, तर तो परतलेला उजेड आहे, त्याला पत्रा उपयोगाचा नाही. तिथे वॅट कमी करायचे.